दुरडीतला गुळाचा खडा

सालूआत्यानं मला सावरलं. हे आधी लिहितो, काय झालं ते मागाहून. नाहीतर माझं असं होतं की मी घडलेल्या गोष्टीतच गुंतून पडतो आणि माणसाचं नाव सांगायचं राहून जातं. तिचं खरं नाव सालोमी. पण लासुर्ण्यात त्या नावानं तिला कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. ख्रिस्ती घरं आठ. त्या आठ घरांची ती आत्या, आणि बाकीच्या गावाचीही आत्याच. सातवीतून शाळा सुटलेला मी. जोडाक्षरं अडखळतील, ओळी तिरक्या जातील. तरी लिहितो, कारण ती आता पंचाऐंशीच्या पुढं गेली आहे आणि मी इथं मस्कतला एका कंपनीच्या मेसमध्ये आमटी ढवळतो आहे. फोनवर गावाकडचा नंबर दिसला की उचलायच्या आधी मी हातातला डाव खाली ठेवतो.

परवा इथल्या एका दुकानात गूळ मिळाला. पिवळाधमक, चौकोनी, चकचकीत कागदात गुंडाळलेला. खोलीवर येऊन एक खडा जिभेवर ठेवला. आधी गोड. मग जिभेच्या कडेला किंचित खारं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मी पलंगावर बसलो होतो तो बसूनच राहिलो, आणि खोलीत गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर शिरल्यासारखं झालं.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. मी बावीसचा. आमचं घर बावड्याचं, पण हंगामभर मुक्काम लासुर्ण्यात, तात्यांच्या गुऱ्हाळावर. तात्या म्हणजे गुऱ्हाळाचे मालक, ऊसवाले शेतकरी, कमी बोलणारे. माझे वडील, आप्पा, त्यांच्याकडं पंधरा हंगाम गुळव्या होते. गुळव्या म्हणजे काहिलीतला, त्या भल्यामोठ्या कढईतला रस गूळ कधी होतो हे ओळखणारा माणूस. आप्पा गेले आणि काहिलीशेजारची ती जागा मला मिळाली. जागा मिळाली म्हणजे कसब मिळालं असं मला तेव्हा वाटायचं.

दिवाळी झाली की काहिलीखालचं चुलवाण पेटायचं ते उन्हाळा तापेपर्यंत विझायचं नाही. घाण्याच्या इंजिनाची ठकठक कॅनॉलच्या पाण्यावरून पलीकडच्या वस्तीपर्यंत जायची. रस काहिलीत पडला की पहिल्यांदा हिरवा वास यायचा, ओल्या गवतासारखा. मळी वर आली, ती काढली, रानभेंडीचा चिकट रस टाकला की वास बदलायचा. आणि शेवटी, बुडबुडे जड होऊन एकेक करून फुटायला लागले की असा काही वास सुटायचा की रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून उभा राहायचा. तो वास आमच्या कपड्यांत, केसांत, भाकरीतसुद्धा असायचा. एस.टी.त बसलो की शेजारची म्हातारी विचारायची, "गुऱ्हाळावरचा न्हवं का तू?"

काहिलीशेजारी मेढीला एक खुंटी होती आणि खुंटीला आप्पांचं पितळी वगराळं, लांब दांड्याची खोल पळी. नवा ऊस आला की घाण्यातून पडणारा रस त्या वगराळ्यात धरायचा आणि जिभेवर घोळवायचा. कुठल्या रानाचा ऊस, किती खार, चुन्याची निवळी किती घालायची, सगळं त्या एका घोटात. खार जास्त लागला तर त्या रसाची नुसती काकवी काढायची, ढेप धरायला जायचं नाही. आप्पा म्हणायचे, "डोळा फसतो, नाक फसतं. जीभ तेवढी फसत न्हाय."

आमची ख्रिस्ती मंडळी रविवारी दुपारी सालूआत्याच्या अंगणात लिंबाखाली जमायची. बारामतीहून पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत, कापडी पिशवी काखेत धरून. बाकीच्या रविवारी आत्याच शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची, बोट ठेवून, एकेक शब्द चुलीवरच्या भाकरीसारखा उलटून बघत. टाळ होते, एक जुना तबला होता. भजन रंगात आलं की नेमकी त्याच वेळी धनगराच्या आबांची मेंढरं वाटेनं जायची. घंटा, खुरं, बें बें, आणि सगळ्या अंगणावर धुळीचा पडदा. आत्या हात वर करायची. "थांबा, मेंढरं जाऊ द्यात. आपली प्रार्थना त्याला नीट ऐकू जाऊ दे." आबा वाटेवरून म्हणायचे, "तुमच्या देवाला मेंढरांची सवय हाय म्हणता न्हवं आत्या?" आणि आत्या म्हणायची, "सवय हाय म्हणूनच म्हणते. त्याचं ध्यान लगीच तिकडं जातंय."

पाळकसाहेबांनी एकदा आत्म्याच्या फळांवर बोलताना नऊ बोटं दाखवली होती. प्रीती, आनंद असं करत करत शेवटच्या बोटावर इंद्रियदमन. मला तो शब्द फार मोठा वाटला, सरकारी कागदावरचा असावा तसा. ते गेल्यावर कुणीतरी म्हणालं, शेवटी सांगितलं म्हणजे बारीक फळ असणार. आत्या भांडी घासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "घागरीचं बूड बी शेवटीच असतंय. ते न्हाय तर वरलं पाणी कुठं ऱ्हायचं?"

तिच्या अंगणात उपवासकाळाची, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांची, एक रीत होती. ती कुणी घातली ते मला माहीत नाही, दुसरीकडं कुठं मी ती पाहिली नाही. राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, आत्या वेताची एक दुरडी मधे ठेवायची. ज्यानं त्यानं चाळीस दिवस जे सोडायचं त्याची एक वस्तू त्यात टाकायची. मग दुरडी तिच्या घरात आढ्याला टांगली जायची ती ईस्टरच्या सकाळी खाली यायची. त्या वर्षी दुरडीत तपकिरीची डबी पडली, विड्यांचा कट्टा पडला. शमुवेलकाकांनी रेडिओतले सेल काढून टाकले, तेव्हा त्यांच्या पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. आत्यानं चहाची गाळणी टाकली. तिला चहाशिवाय सकाळ उजाडत नसे.

दाऊदनं गोफण टाकली. दाऊद आमच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं, म्हणजे उसाचा वाळलेला चोथा, घालायचा. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, लग्न झालेला, एक लेकरू. पाखरं हाकायची ती साधी सुताची गोफण. पण दाऊद भांडखोर होता. शब्दाला शब्द लागला की त्याचा हात आधी गोफणीला जायचा, कधी कुणाला दगड लागला नाही ही देवाची कृपा. तो म्हणाला, "भांडण सोडतोय. भांडणाला तर हात लावून दुरडीत घालता येत न्हाय, म्हणून हिला घालतोय."

"आन् तुझं काय रं?" आत्यानं मला विचारलं.

मी कागदाची पुडी उलगडली. आत माझ्याच हातचा गुळाचा खडा.

"गुळव्या गूळ सोडतोय," दाऊद म्हणाला. "माशानं पाणी सोडावं तसं."

सगळे हसले, पण त्या हसण्यात कौतुक होतं आणि मला ते पुरेपूर पोचलं. आत्या हसली नाही. पुडी दुरडीत ठेवताना ती म्हणाली, "मोठं सोडलंस. जपून बाबा. मोठं सोडलं की माणूस त्येच्याकडंच बघत बसतंय."

मी बघतच बसलो. गुऱ्हाळावर येणाऱ्याजाणाऱ्याला गरम गुळाचा गोळा पानावर द्यायची पद्धत. मी देत होतो आणि स्वतः हात मागं घेत होतो. कुणी "घे की रं" म्हणालं की मान हलवायची, आणि ते आणखी कुणी पाहिलं की नाही तेही पाहून घ्यायचं. गुळाचा चहा आला की पेला पालथा घालायचा. रस चाखणंही मी सोडलं. रस म्हणजे गुळाची आईच. एक थेंब गेला तरी नेम मोडला, असं मी ठरवलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. वगराळं खुंटीवर तसंच राहिलं. येणारा ऊस चांगल्या रानांचा होता, गूळ चांगलाच पडत होता, आणि मला वाटत होतं की देव माझ्यावर खूश आहे.

तिसरा आठवडा असेल. लिंबाला मोहोर लागला होता. आत्याचा ऊस गाडीतून आला. तिचं रान कॅनॉलखालच्या अंगाला, पाच गुंठ्यांचा तुकडा. त्यातला गूळ वर्षभर घरात, आणि ईस्टरला सगळ्या आळीत दशम्या. ख्रिस्ती घरं, शेजारची घरं, धनगराच्या आबांच्या वाड्यावरसुद्धा. तो गूळ म्हणजे आत्याचं वर्षातलं एक मोठं काम होतं. ती गाडीबरोबर चालत आली होती.

"यंदा रानात पाणी लई तुंबलं हुतं," ती म्हणाली. "जरा चाखून बघ."

"बघतो आत्या."

ती गेली. घाण्यातून रस पडायला लागला. मी खुंटीवरून वगराळं काढायला हात नेला आणि तसाच परत घेतला. दाऊद चार पावलांवर होता. त्याला म्हणता आलं असतं, तू चाख आणि सांग. पण गुळव्यानं जाळ घालणाऱ्याची जीभ मागायची? मी रसाचा रंग पाहिला. वास घेतला. रोजच्याइतकी निवळी घातली.

दोन काहिली झाल्या. पाण्यात गोळी टाकून पाहिली तर ती बोटांत घट्ट होईना. मी आणखी आटवलं, मग भिऊन उतरवलं. गूळ निववायच्या वाफ्यात ओतताना तो पसरला, पण त्यावर साय धरली नाही. सकाळी पाहिलं तर मळलेल्या कणकेसारखा. तात्यांनी एका बोटावर घेतला, जिभेला लावला, आणि बाजूला जाऊन थुंकले.

"चाखला व्हतास?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

एवढा एक शब्द. तो तोंडातून निघाला तेव्हा त्याला काही वजनच नव्हतं.

"मग असं कसं?"

"चिपाड ओलं व्हतं," मी म्हणालो. "जाळ बसला न्हाय."

दाऊद तिथंच उभा होता, दोन्ही हातांत चिपाडांचा भारा. चिपाड वाळून कडकडीत होतं, त्याच्या हातात मोडत होतं, त्याचा आवाज मला आजही येतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. खुंटीकडं पाहिलं. वगराळ्याच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, सकाळच्या उन्हात ते चमकत होतं. तात्यांची पाठ तिकडं होती. आता हा बोलणार, असं मला वाटलं. मी वाट पाहिली. दाऊदनं भारा खाली ठेवला, नीट, रचून.

"दाऊद," तात्या म्हणाले, "उद्यापास्नं येऊ नगंस."

"बरं," दाऊद म्हणाला. टॉवेल झटकला आणि गेला. दोन दिवसांनी कळलं, तो वडगाव निंबाळकरला ऊसतोडीवर लागला.

दुपारी आत्या गूळ न्यायला आली. बोट बुडवून तिनं चाखलं. बराच वेळ ती कॅनॉलकडं बघत होती.

"रस कसा लागला हुता रं?"

"बरा."

"हं." तिनं डबे भरून घेतले, कडेला सांडलेलं हातानं निपटून घेतलं. "असू दे. माझंच रान हाय."

त्यानंतरचे दिवस मला एका लांब दुपारीसारखे आठवतात. लिंबाचा मोहोर गळून अंगणभर पसरलेला, शमुवेलकाकांचा रेडिओ मुका. दाऊदची बायको मंगल रविवारी एकटीच यायची, लेकराला मांडीवर घेऊन. भजनात तबल्याला कुणी नसायचं, कारण तबला दाऊद वाजवायचा. तो तबला भिंतीशी झाकून ठेवलेला असायचा आणि मी त्याच्याकडं पाठ करून बसायचो. गुऱ्हाळावर कुणी मागून हाक मारली तरी मी दचकायचो. गूळ मात्र मी खाल्ला नाही. वास यायचा, सगळीकडं यायचा. तोंडाला पाणीच सुटायचं बंद झालं होतं, तेव्हा नेम पाळायला काही कष्ट पडत नव्हते.

आत्या पूर्वीसारखीच वागत होती. बुधवारच्या प्रार्थनेनंतर मला भाकरी वाढायची, कालवण पुढं सरकवायची. फक्त कधी कधी बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. मग उगाच चूल फुंकायला वाकायची, चूल चांगली पेटलेली असतानाही.

ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार आला. पाळकसाहेब चारच्या एस.टी.नं आले. प्रभुभोजनासाठी आत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढरं कापड घातलं, वर स्टीलच्या ताटात भाकरीचे तुकडे, शेजारी प्याला. ऊन उतरलं होतं. दाऊद त्या आठवड्यापुरता घरी आला होता. मागं बसला होता, तबल्यापाशी, हातांना उसाच्या पात्यांनी कापलेलं. साहेब म्हणाले, आपापलं मन तपासा, कुणाशी काही असेल तर ते आधी मिटवा, मग घ्या. मग शांत झालं. मेंढरंही त्या दिवशी लवकर गेली होती.

ताट रांगेतून निघालं. पुरुषांची रांग माझ्यापाशी संपायची आणि माझ्या शेजारून बायकांची सुरू व्हायची, पहिली आत्या. ताट दाऊदकडं गेलं, त्यानं घेतलं. शमुवेलकाकांनी घेतलं. माझ्या हातात ताट आलं. एवढे लहान लहान तुकडे. माझा हात वर उचलेना. मी ताट तसंच आत्याकडं सरकवलं.

आत्यानं ताट धरलं. माझ्याकडं पाहिलं नाही. एक क्षण ताटाकडं पाहिलं आणि काही न घेता पुढच्या बाईच्या हातात दिलं.

पुढची बाई गडबडली. साहेब हळू म्हणाले, "आत्या?"

"चालू द्यात साहेब."

प्यालाही तसाच गेला. लग्न होऊन या गावात आल्यापासून आत्यानं प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, तापात फणफणत असतानाही नाही. मागून मंगलची कुजबुज माझ्या कानावर आली, "आत्यानं काय केलं असंल गं?" आणि दुसरी कुणीतरी म्हणाली, "मोठंच काय तरी असणार." आत्याच्या कानावरही ते गेलंच असणार. ती ताठ बसून होती, पदर कानामागं, हात मांडीवर.

सगळे पांगल्यावर मी चुलीपाशी गेलो. ती राख सारत होती.

"आत्या, तुमी का न्हाय घेतलं?"

"शेजारचा उपाशी बसला हुता," ती म्हणाली. "एकटीनं कसं जेवायचं?"

मी खाली बसलो. "मी काय केलंय ते ठावं हाय का तुमास्नी?"

"माझ्या रानाचा खार मला ठावा नसंल व्हय? पयल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का न्हाईत?"

तिनं राखेचा ढीग कडेला ओढला. "लई यायचं तोंडात. रोज यायचं. मंडळी म्हणत्यात, आत्यानं चहा सोडलाय. चहाचं काय न्हाय रं. हे गिळणं जड गेलं." मग राखेवर हात झटकत म्हणाली, "तुझ्या तोंडात गूळ गेला न्हाय, ते खरं हाय. मी काय म्हणत न्हाय त्याला. पर त्याच तोंडातनं दाऊदची भाकरी गेली."

मी रडलो असेन. ते नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ती उठली, दारात जाऊन तिनं आभाळ पाहिलं आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "तात्या आजून गोठ्यात असतील. धारंची येळ हाय."

तात्या धार काढत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही. चरवीत दुधाच्या धारा पडत होत्या, आधी पत्र्यावर वाजाव्या तशा, मग फेसात मऊ. माझं संपलं तरी तो आवाज चालूच होता.

"तुमच्या देवानं सांगितलं व्हतं का, रस चाखू नगं म्हणून?"

"न्हाय. मीच ठरवलं."

"चाखल्याबिगर गुळव्या नसतोय. तुझा बाप काहिलीगणिक चाखायचा, आन् त्येच्याएवढा नेमाचा माणूस मी बघितला न्हाय." त्यांनी चरवी उचलली. "दाऊदला तू जाऊन सांग. मी न्हाय सांगणार. आन् ह्या हंगामात तू चुलवाणावर, त्येच्या हाताखाली. काहील मी बघतो."

दुसऱ्या दिवशी, उत्तम शुक्रवारी सकाळी, मी दाऊदच्या घरी गेलो. तो उंबऱ्यात बसून हाताला तेल चोळत होता. मी सांगितलं. बोलताना त्याच्या हातांवरच्या कापल्याच्या रेघा मोजत होतो, वर बघवत नव्हतं.

"ठावं हाय," तो म्हणाला. "वगराळ्यावर जाळं व्हतं."

"मग बोलला का न्हाईस? तात्या तितंच व्हते."

"गोफण दुरडीत व्हती न्हवं." त्यानं दुसऱ्या हाताला तेल घेतलं. "लई कठीण गेलं गड्या. वडगावापतूर चालत गेलो मी त्या दिवशी. वाटंनं सगळं तुला बोललो, झाडांना." मग आत बघून ओरडला, "मंगल, च्या टाक." आणि माझ्याकडं वळून, "रविवारी गोफण हातात येतीया. मग बघतो तुला."

ईस्टरची पहाट. अंगण सारवलेलं, शेणाचा ओला वास, पूर्वेला तांबडं. दाऊद तबल्यावर बसला होता. भजन झाल्यावर आत्यानं आढ्याची दुरडी काढली. तपकिरीची डबी गेली, सेल गेले, आणि पाच मिनिटांत शमुवेलकाकांचा रेडिओ खरखरायला लागला. माझी पुडी मी उचलली तर ती हवेसारखी हलकी. मुंग्यांनी खडा कणाकणानं नेला होता. कागदावर तेवढा एक तांबूस डाग राहिला होता. चाळीस दिवस मी ज्याच्याकडं बघत बसलो होतो ते आढ्यावर नव्हतंच.

दाऊदनं गोफण उचलली, माझ्या डोक्यावरून दोनदा गरगरा फिरवली, लेकरं किंचाळली. मग त्यानं ती गुंडाळून परत दुरडीत टाकली. "ऱ्हाऊ दे," आत्याला म्हणाला. "हितंच बरी हाय."

साहेबांनी त्या सकाळी पुन्हा ताट फिरवलं. माझ्या हातात आलं. मी घेतलं, मग आत्यानं घेतलं. तिनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मग दशम्या. त्या खारट गुळाच्याच. आत्यानं दुसरा गूळ आणला नव्हता, कुणी दिला तरी घेतला नव्हता. प्रत्येकाच्या हातावर एकेक. मी माझी हातात धरून सगळ्यांची तोंडं बघत होतो. कुणीही तोंड वाकडं केलं नाही. म्हातारी माणसं, लेकरं, धनगराचे आबा, तात्यासुद्धा. सगळे सावकाश चावत होते, जणू असंच असतं. शेवटी दाऊद म्हणाला, "आत्या, एक बरं झालं. मीठ घालायचं वाचलं." आणि मग जे हसू फुटलं ते लिंबावरची पाखरं उडेपर्यंत थांबलं नाही. आत्या गाळणीतून चहा गाळत होती. हसता हसता तिचा चहा बशीत सांडला.

मी दशमी खाल्ली. चाळीस दिवसांनी तोंडात गेलेला पहिला गोड घास तो, खारा.

आता ते गुऱ्हाळ नाही. काहील कुणाच्या तरी परसात पालथी पडली आहे म्हणतात, तिच्याखाली कोंबड्या बसतात. तात्या गेले, आबांची मेंढरं गेली, त्या वाटेवर डांबर पडलं. मी लासुर्ण्यातून बावड्याला, तिथून पुण्याला, तिथून इथं कसा येत गेलो ते सांगण्यासारखं नाही, पोटामागं माणूस जातो. आप्पांचं वगराळं मात्र बरोबर आहे. इथल्या मोठ्या आचाऱ्याला ठाऊक आहे की हा मराठी माणूस चाखल्याशिवाय पातेलं उतरवू देत नाही. तो हसतो, पण ज्या दिवशी मी नसतो त्या दिवशी आमटी खारट होते असं तोच सांगतो. रोज पातेल्यावर वाकलो की एक क्षण मी थांबतो. मला उगाचच वाटतं की कुणीतरी विचारणार आहे, चाखलंस का, आणि माझ्या तोंडातून काय निघेल याचा मला अजूनही पुरता भरवसा नाही.

दाऊद आणि मंगल आत्याचं बघतात. तिचे गुडघे गेले, अंगणात येता येत नाही. साहेब, आता दुसरे आहेत, प्रभुभोजन तिच्या बाजेपाशी नेतात. मंगल फोन तिच्या कानाला लावते. आत्या माझी ख्यालीखुशाली विचारत नाही. ती एवढंच विचारते, "चाखतोस न्हवं?"

"चाखतो, आत्या."

"मग बरं."

मंगल सांगत होती, आता घास गिळायलाही तिला वेळ लागतो. तुकडा हातात घेऊन ती बसून राहते आणि बाकीच्यांचं झालेलं असतं.

परवा इथं मिळालेला तो खारा गूळ मी टाकला नाही. कागदात बांधून वगराळ्यात ठेवला आहे. येत्या उपवासकाळात मी गावी जाणार आहे. सुट्टी मिळेल का, तोवर ती असेल का, या विचारानं जीव थाऱ्यावर नसतो, पण जाणार आहे. पवित्र गुरुवारी तिच्या बाजेशेजारी खाली चटईवर बसेन. ताट आधी माझ्याकडं आलं तर हातात धरून थांबेन, तिचा घास उतरेपर्यंत, कितीही वेळ लागला तरी. आणि त्या दिवशी तिला गिळवलंच नाही, तर मीही काही न घेता ताट पुढं देईन. साहेबांनी विचारलं तर सांगेन, चालू द्यात.